उजेडाचे माप कशाशी ताडायचे?

नागोठण्याच्या बाजारात ज्या काट्यावर मासळी तोलली जाते, त्या काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का असावा लागतो. या शिक्क्याचा अर्थ एवढाच, की निरीक्षकाने आपल्याजवळच्या प्रमाण वजनांशी तो काटा ताडून पाहिला आहे. निरीक्षकाची वजने त्याहून नेमक्या वजनांशी ताडलेली असतात, ती नागपूरसारख्या ठिकाणच्या प्रादेशिक प्रयोगशाळेतल्या वजनांशी, आणि ही साखळी जाऊन पोहोचते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत. घरोघरी असलेल्या रक्तदाबाच्या यंत्रालाही हाच न्याय. एक यंत्र १३० दाखवते, दुसरे १४५. माणूस तोच, पण औषधाची गोळी बदलू शकते. यंत्र महाग आहे की स्वस्त हा प्रश्न नंतरचा. ते कशाशी ताडून पाहिले, हा पहिला.

आकाशातल्या ताऱ्याचे तेज मोजताना मात्र अडचण अशी, की तारा काट्यावर ठेवता येत नाही आणि त्याच्या बाजूला प्रयोगशाळेतला दिवा नेऊन धरता येत नाही. म्हणून ताऱ्याचे माप घ्यायचे ते दुसऱ्या ताऱ्याशी ताडून. ज्यांचे तेज पुन्हापुन्हा, काळजीपूर्वक मोजून पक्के केले आहे अशा ताऱ्यांना प्रमाण तारे म्हणतात. साऱ्या आकाशभर त्यांचे जाळे पसरलेले आहे, आणि विश्व किती मोठे, किती वेगाने फुगते आहे, इथपासून ‘आमच्या गावात आता तारे दिसत नाहीत’ या तक्रारीपर्यंत सगळे शेवटी याच जाळ्यावर तोलले जाते.

ही तक्रार पेण-रोह्याच्या पट्ट्यात नवी नाही. मुंबई-गोवा महामार्ग रुंद होतो आहे. नागोठण्याशेजारी मोठा पेट्रोकेमिकल प्रकल्प आहे. धाबे, पेट्रोलपंप, गृहसंकुले आणि त्यांचे पांढरे झगझगीत दिवे वाढत आहेत. अंबा नदीच्या काठावर उभे राहिले की पूर्वी आकाशगंगा दिसायची, असे वडीलधारी माणसे सांगतात. ते खोटे नसणार. पण ‘पूर्वी दिसायचे’ हे माप नव्हे, आठवण आहे, आणि आठवणीच्या आधारावर कोणतेही कार्यालय एक दिवासुद्धा खाली वळवत नाही.

ताऱ्यांच्या तेजाची श्रेणी लावण्याची पद्धत दोन हजार वर्षांची. सर्वांत ठळक तारे पहिल्या प्रतीचे, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे सहाव्या प्रतीचे. ही उलटी मोजणी आजही नवशिक्याला चकवते: प्रत जितकी मोठी, तारा तितका मंद. या ढोबळ श्रेणीला गणिताची शिस्त लावली नॉर्मन पॉगसन यांनी, १८५६ मध्ये. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर शंभरपट फरक, असे त्यांनी ठरवले. म्हणजे एका प्रतीला सुमारे अडीचपट. हे पॉगसन पुढे १८६१ मध्ये मद्रास वेधशाळेचे प्रमुख होऊन भारतात आले आणि १८९१ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिले. तिथले त्यांचे सहकारी चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये एक रूपविकारी तारा, म्हणजे तेज कमीजास्त होणारा तारा, शोधल्याची नोंद आहे. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ ज्या पट्टीने तारे मोजतात, ती आखणारा माणूस तीस वर्षे चेन्नईत राहिला, ही गोष्ट आपल्या शालेय पुस्तकांत यायला हरकत नव्हती.

पट्टी आखली, पण तिचे शून्य कुठे धरायचे? सुरुवातीला अनेकांनी ध्रुवतारा धरला. सोयीचा तारा, जागचा हलत नाही, उत्तर गोलार्धात वर्षभर दिसतो. त्याला २.० ही प्रत बहाल झाली आणि इतर तारे त्याच्याशी ताडले जाऊ लागले. मग १९११ मध्ये हर्ट्झस्प्रुंग यांनी दाखवून दिले, की ध्रुवाचे तेज चार दिवसांच्या लयीत थोडे कमीजास्त होते. अढळपदाची कथा दिशेपुरती खरी. तेजाच्या बाबतीत ध्रुवबाळही चळते. दुकानदाराने ज्या वजनाने सगळे तोलले ते वजनच रोज थोडे झिजत-वाढत असावे, अशी ही गत.

या अनुभवातून शास्त्रज्ञांनी घेतलेला धडा साधा होता. एकाच ताऱ्यावर विसंबायचे नाही, अनेक तारे घ्यायचे आणि ते एकमेकांशी ताडत राहायचे. एखादा बेइमान निघाला तर बाकीचे त्याला उघडे पाडतात. अमेरिकेत हार्वर्ड वेधशाळेत हेन्रिएटा लेव्हिट यांनी ध्रुवाजवळच्या ९६ ताऱ्यांची अशी मालिका १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. रूपविकारी ताऱ्यांच्या लयीवरून त्यांचे अंतर काढण्याची किल्ली ज्यांनी शोधली, त्याच या लेव्हिट. अंतराची किल्ली शोधणाऱ्या बाईंनी वर्षानुवर्षे काचेच्या तबकड्यांवरचे ठिपके ताडत बसण्याचे ‘कारकुनी’ काम केले, आणि ते काम नसते तर किल्लीही कुलपाला लागली नसती.

१९५३ मध्ये जॉन्सन आणि मॉर्गन यांनी अतिनील, निळा आणि हिरवट-पिवळा अशा तीन गाळण्यांतून तारे मोजण्याची पद्धत घालून दिली. रंगांचे शून्य त्यांनी एका ताऱ्यावर नव्हे, अभिजितसह सहा पांढऱ्या ताऱ्यांच्या सरासरीवर बेतले. पुढे अभिजितभोवती धुळीची तबकडी सापडली आणि तो स्वतःभोवती भयंकर वेगाने गरगरतो हेही कळले, तेव्हा या सावधगिरीचे महत्त्व आणखी पटले. लुइझियानाचे आर्लो लँडोल्ट यांनी तर आयुष्य याच कामाला वाहिले. १९९२ मध्ये त्यांनी दिलेल्या यादीत ५२६ तारे आहेत, बहुतेक खगोलीय विषुववृत्ताच्या आसपासचे. तिथले तारे उत्तर आणि दक्षिण दोन्ही गोलार्धांतल्या दुर्बिणींना दिसतात, म्हणून ही निवड. या यादीतून कोणता नवा ग्रह सापडला नाही की कोणता स्फोट दिसला नाही. पण गेल्या तीन दशकांत ताऱ्यांच्या तेजाविषयी जे शोधनिबंध निघाले, त्यांतल्या असंख्य निबंधांच्या तळाशी हे तारे आहेत.

विषुववृत्ताची ही निवड कोकणाच्याही पथ्यावर पडते. नागोठणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे ध्रुवतारा इथे क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश वर. एवढ्या खालून येणारा प्रकाश डोक्यावरून येणाऱ्या प्रकाशाच्या तिप्पट हवा कापत येतो आणि वाटेत धूळ, बाष्प, धूर यांना पट्टी देत येतो. लेव्हिटबाईंची ध्रुवाजवळची मालिका इथून वापरायची म्हणजे गढूळ पाण्यातून आकडे वाचण्यासारखे. लँडोल्ट यांचे तारे मात्र इथे एकाहत्तर अंशांपेक्षा वर चढतात; त्यांच्या वाटेत डोक्यावरच्या हवेपेक्षा फक्त पाच टक्के जास्त हवा येते.

हवेचा हा हिशेब म्हणजे प्रकाशमापनाचा गाभा. समुद्रसपाटीला, निरभ्र रात्रीसुद्धा, माथ्यावरच्या ताऱ्याचा दहा-वीस टक्के प्रकाश हवाच गिळते. निळा जास्त, तांबडा कमी. मावळता सूर्य लाल का, त्याचेच हे उत्तर. किती गिळला हे रोज बदलते. म्हणून वेधशाळेत एकच प्रमाण तारा उंच असताना आणि तोच खाली उतरल्यावर असा रात्रभरात अनेकदा मोजतात. प्रत आणि हवेची जाडी यांचा आलेख काढला की सरळ रेषा मिळते. ती रेषा हवा नसतीच तर तारा किती ठळक दिसला असता ते सांगते. रेषा वेडीवाकडी आली तर समजावे, मध्येच कुठेतरी विरळ ढग येऊन गेले, रात्रीचे आकडे बाद. पुण्याच्या आयुकाची जुन्नरच्या बाजूला गिरवली इथे दोन मीटरची दुर्बीण २००६ पासून आहे. तिथेही पावसाळ्याचे महिने सोडून उरलेल्या रात्रींना हीच शिस्त लागते. आयआयटी मुंबई आणि भारतीय तारा भौतिकी संस्था यांची लडाखमध्ये हानले इथे असलेली स्वयंचलित दुर्बीण अचानक भडकलेल्या ताऱ्यांचा पाठलाग करते, तेव्हा त्याच छायाचित्रात आलेले, आधी मोजून ठेवलेले तारे तिचे तराजू होतात.

नुसत्या डोळ्यांनी हे काम होते का? होते, आणि त्याचा दाखला फार जुना नाही. २०१९ च्या हिवाळ्यात मृग नक्षत्रातला तांबडा तारा काक्षी मंदावू लागला. एरवी तो ०.५ प्रतीच्या आसपास असतो. फेब्रुवारी २०२० पर्यंत तो १.६ पर्यंत उतरला, म्हणजे नेहमीच्या साधारण एक तृतीयांश तेजावर आला. मृगाचे दोन्ही उत्तरेकडचे पाय तेव्हा जवळजवळ सारखे दिसत होते, कारण दुसऱ्या पायाचा तारा बेलाट्रिक्स १.६४ प्रतीचा आहे. रोहिणी ०.८६, पुनर्वसूतला ठळक तारा १.१६. यांच्या मध्ये काक्षी कुठे बसतो, हे जगभरच्या हौशी निरीक्षकांनी रोज पाहून नोंदवले. तारा फुटणार अशा बातम्या झाल्या. पुढे मोठ्या दुर्बिणींनी दाखवले, की ताऱ्याने फेकलेल्या वायूची धूळ होऊन ती आड आली होती. जपानच्या हिमावारी-८ या हवामान उपग्रहाच्या चित्रांच्या कडेलाही काक्षी येत होता, आणि ती चित्रे चाळूनही त्याचा आलेख मिळाला. ताडायला शेजारी ओळखीचे तारे होते, म्हणून वादळाचे ढग टिपणाऱ्या कॅमेऱ्यालाही ताऱ्याबद्दल साक्ष देता आली.

यातही एक फसगत आहे. काक्षी तांबडा, बेलाट्रिक्स निळसर पांढरा. तांबडा तारा टक लावून पाहिला की तो उगाच ठळक वाटू लागतो, हा डोळ्याचा जुना खोडसाळपणा. कॅमेऱ्याचाही रंग-पक्षपात असतो, आणि प्रत्येक कॅमेऱ्याचा वेगळा. म्हणून वेगवेगळ्या रंगांचे प्रमाण तारे मोजून आपले यंत्र कोणत्या रंगाकडे किती झुकते, हे काढावे लागते आणि ते वजा करावे लागते. हे वाचून कंटाळा येणे साहजिक आहे. पण विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतो आहे, हा १९९८ चा, पुढे २०११ च्या नोबेलने गौरवलेला शोध नेमक्या याच कंटाळवाण्या कामावर उभा आहे. दूरचे सुपरनोव्हा अपेक्षेपेक्षा साधारण वीस-पंचवीस टक्के मंद भरले, एवढीच ती गोष्ट. मोजमापात तेवढीच चूक असती तर शोध पाण्यात गेला असता. आजही कृष्ण ऊर्जेच्या अभ्यासात सर्वांत मोठ्या धास्तींपैकी एक हीच असते, की दुर्बिणीचे माप एखाद्या टक्क्याने तर चुकत नाही ना.

या शोधाचा अर्थ जयंत नारळीकर यांनी सहजी मान्य केला नाही. धातूच्या अतिसूक्ष्म तंतूंची धूळ आकाशगंगांच्या मधल्या पोकळीत असेल आणि तिच्यामुळे दूरचे सुपरनोव्हा मंद दिसत असतील, अशी पर्यायी मांडणी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ती स्वीकारली नाही. वाद मात्र रीतसर झाला, आणि तो होऊ शकला याचे कारण दोन्ही बाजूंना आकडे मान्य होते. सुपरनोव्हा किती मंद दिसतो याबद्दल भांडण नव्हते. का मंद दिसतो याबद्दल होते. नारळीकर गेले, २० मे २०२५ रोजी. मतभेद आकड्यांवर नव्हे, अर्थावर करायचा, हा त्यांच्या वादाचा घाट आपल्याकडच्या बऱ्याच सार्वजनिक वादांना परवडणारा नाही.

नागोठण्याच्या आकाशाचा वाद तर अजून आकड्यांपर्यंतही पोहोचलेला नाही. ‘तारे दिसत नाहीत’ म्हटले की दोन संशयित असतात. एक, हवेतली धूळ आणि धूर. दोन, दिव्यांचा उजेड. कारखानदारी म्हणते धूळ रस्त्याच्या कामाची, रस्तेवाले म्हणतात कोकणातली हवाच दमट, आणि दिव्यांचे नाव कोणी काढत नाही, कारण दिवे म्हणजे प्रगती. प्रमाण ताऱ्यांचे महत्त्व इथे कळते, कारण ते या दोघांना वेगळे करू शकतात. धूळ ताऱ्याचाच प्रकाश खाते; वर सांगितलेली सरळ रेषा अधिक तिरकी होते. दिव्यांचा उजेड ताऱ्याला हात लावत नाही, ताऱ्यामागची काळी पाटी उजळवतो. तारा मोजला आणि त्याच चित्रात ताऱ्याशेजारची रिकामी जागाही मोजली, तर किती दोष हवेचा आणि किती दिव्यांचा हे बरेचसे सुटे करता येते.

यासाठी लाखोंची दुर्बीण लागत नाही. तिवईवर ठेवलेला साधा डीएसएलआर कॅमेरा, कच्च्या स्वरूपात साठवलेली चित्रे, किंचित विस्कटलेला फोकस म्हणजे ठळक ताऱ्याचे टोक जळत नाही, आणि मोजताना फक्त हिरव्या रंगाचे आकडे. हौशी निरीक्षकांसाठी अमेरिकेतल्या रूपविकारी तारा निरीक्षकांच्या संघटनेने साऱ्या आकाशभरच्या ताऱ्यांच्या प्रती मोजून खुल्या ठेवल्या आहेत. याच संघटनेने शतकापूर्वी जेसोरजवळच्या राधागोविंद चंद्र या सरकारी तिजोरीतल्या कर्मचाऱ्याला सहा इंची दुर्बीण उसनी पाठवली होती, आणि त्यांनी हजारो निरीक्षणे करून ते ऋण फेडले. युरोपच्या गाया यानाने २२ कोटी ताऱ्यांच्या प्रकाशाचे रंगवार मोजमाप २०२२ मध्ये जगाला फुकट दिले. साहित्याची टंचाई नाही. मोबाइलचा ‘नाइट मोड’ मात्र टाळावा. तो चित्र सुंदर करतो आणि मोजमाप नासवतो.

डोळ्यांनी मोजायचे तरी चालते. २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला एक अभ्यास नागरिकांच्या ५१ हजारांहून अधिक निरीक्षणांवर बेतलेला होता. आपल्याला दिसते ते आकाश कोणत्या नकाशाशी जुळते, एवढेच लोकांनी कळवले होते. निष्कर्ष: २०११ ते २०२२ या काळात आकाशाचा उजेड वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढला. म्हणजे आठ वर्षांच्या आत दुप्पट. उपग्रहांना ही वाढ एवढी दिसली नव्हती, कारण त्यांचे संवेदक निळा प्रकाश पाहतच नाहीत आणि नव्या पांढऱ्या एलईडी दिव्यांत निळाच भरपूर असतो. पिवळा सोडियमचा दिवा काढून पांढरा एलईडी लावला, की उपग्रहाच्या हिशेबी गाव अंधारले, माणसाच्या डोळ्याला मात्र उजळले. यंत्र कशाशी ताडले, ही भानगड पुन्हा तिथेच येते. आणि त्या ५१ हजारांतली बहुतेक निरीक्षणे युरोप-अमेरिकेतली आहेत. ९.६ हा आकडा उचलून तो कोकणाला चिकटवणे म्हणजे शेजाऱ्याचा रक्तदाब पाहून आपली गोळी ठरवणे.

महाराष्ट्रात हे झालेलेच नाही असे नाही. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ असा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. आजूबाजूच्या गावांतले दिवे जमिनीकडे वळवले गेले. पण असा दर्जा नुसत्या सदिच्छेवर मिळत नाही. आकाशाचा काळोख मोजून दाखवावा लागतो, आणि तो मोजण्याचे एकक आकाशाच्या चिमुकल्या चौकोनामागे प्रती हेच असते. निसर्गतः काळे आकाश या पट्टीवर २२ च्या जवळ भरते, मोठ्या शहरावरचे १८ किंवा त्याहून खाली. चार प्रतींचा फरक म्हणजे सुमारे चाळीसपट उजेड. पॉगसनची पट्टी अशी वाघांच्या जंगलापर्यंत येऊन पोहोचली.

जंगलाला मिळाले ते महामार्गावरच्या गावाला मिळणार नाही, हे उघड आहे, आणि कोणी तशी मागणीही करू नये. रस्त्यावर दिवा हवा, कारखान्याच्या आवारात तर हवाच. मागणी आहे ती नोंदीची. गणपतीतल्या ध्वनिक्षेपकांवर कारवाई होऊ शकते, कारण निवासी भागात रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा कायद्याच्या नियमात आहे आणि ती मोजणारे यंत्र ताडलेले असते. हवा, पाणी, आवाज यांचे आकडे प्रकल्पांच्या अहवालांत येतात. रात्रीच्या उजेडाचा आकडा सहसा शोधूनही सापडत नाही. नव्या दिव्यांचे खांब उभे राहण्याआधी एका हिवाळ्याचे मोजमाप झाले नाही, तर पुढच्या दहा वर्षांत आकाश किती बदलले हे कधीच सांगता येणार नाही. आदल्या वर्षीची मापे नंतर घेता येत नाहीत.

हे काम शाळा-महाविद्यालयांच्या विज्ञान मंडळांनी अंगावर घ्यावे. मुंबईचे खगोल मंडळ वांगणीला रात्रभर आकाशदर्शन घडवते. अशा संस्थांनी एखादी रात्र दाखवण्याऐवजी मोजण्यासाठी राखून ठेवली तर मदतही मिळेल. फेब्रुवारीच्या मध्यात रात्री साडेआठच्या सुमारास मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण नागोठण्यावर मध्यमंडलावर येतो. त्यातला पश्चिमेकडचा तारा जवळजवळ बरोबर खगोलीय विषुववृत्तावर आहे. तेव्हापासून तो पश्चिमेला वीस अंशांवर उतरेपर्यंत, दर अर्ध्या तासाला एक चित्र. चंद्र नसलेली रात्र, तीच जागा, तोच कॅमेरा, वहीत तारीख आणि वेळ, आणि पुढच्या वर्षी त्याच अमावास्येच्या आसपास पुन्हा तेच.